मदत हवी आहे: आमवाताच्या गोळीने हृदयावर परिणाम?

मंडळी, आम्ही चोपड्याचे. आईला आमवात, १४ वर्षांपासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू, रोज ४०० मिग्रॅ. मूळची मलेरियाचीच गोळी ही. डोस किलोमागे ५ मिग्रॅपर्यंत असावा म्हणतात, आईचं वजन आता जेमतेम ५२! डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासला, हृदयाकडे कुणी बघितलंच नाही. पोळ्यापासून ओटा चढतानाही दम लागतो, पाय सुजतात. जळगावला इको केला, तर हृदयाच्या भिंती जाड; ईसीजीत ब्लॉक (म्हणजे हृदयाच्या विद्युत संदेशांत अडथळा). डॉक्टर म्हणाले, गोळीमुळेही असू शकतं, हृदयाचा एमआरआय करा, लागलीच तर बायोप्सी.

कुणाकडे असं झालंय का? गोळी थांबवल्यावर हृदय सुधारलं का? सांध्यांसाठी मग काय दिलं? एमआरआयला नाशिक बरं की संभाजीनगर?