आई काळी, बाप काळा, मग चॉकलेट पिल्लू आलं कुठून?

ओलंनाक

आमची राणी (काळी लॅब्रॅडॉर कुत्री, म्हणजे लॅब, चार वर्षांची) तीन आठवड्यांपूर्वी व्यायली. आठ पिल्लं झाली. पाच काळी, दोन पिवळी, एक चॉकलेट. नरही काळाच होता. त्याचे मालक पिल्लं बघायला आले, टोपलीत डोकावले आणि म्हणाले, "ही माझ्या कुत्र्याची नाहीत. आमच्या घराण्यात पिवळं कधी झालेलंच नाही." आता ते कागदांवर सही करत नाहीत.

राणी माजावर असताना साखळीशिवाय बाहेर गेलेली नाही. पण रात्री आडवं झालं की माझ्याच डोळ्यांसमोर कुंपणाची ती सैल फळी येते. गेल्या वेळी दुसऱ्या काळ्या नरापासून तिला सहाच्या सहा पिल्लं काळी झाली होती, म्हणून डोकं जास्तच चालेनासं झालंय.

अजून एक. एका पिवळ्याचं नाक आता काळं दिसतंय, दुसऱ्याचं मात्र तपकिरीच आहे. त्याला काही आजार आहे का?

रानवारा

मादीत आधीच्या नराचा अंश राहतो. त्याच्या घराण्यात चॉकलेट असणार, ते आता बाहेर आलं. आमच्याकडे जुनी माणसं हेच सांगायची.

काळ्यांचाकाका

रानवारा, जुनी माणसं आमच्याकडेही हेच सांगायची, आणि त्या नादात चांगल्या माद्या उगाच बाद व्हायच्या. आधीच्या नराचं काहीही उरत नाही. त्याचे शुक्राणू काही दिवसांत संपतात, मादीची जनुकं आहेत तशीच राहतात.

ताई, दोन काळ्यांना पिवळी आणि चॉकलेट पिल्लं होणं यात नवल काहीच नाही. लॅबच्या रंगामागे जनुकांच्या मुख्य दोन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून येतं, एक बापाकडून. पहिली जोडी ठरवते की रंग काळा बनवायचा की तपकिरी. यात काळ्याचं जनुक प्रभावी. एक जरी असलं तरी रंग काळाच. चॉकलेट व्हायला दोन्ही तपकिरीची लागतात. दुसरी जोडी म्हणजे दार समजा. दार उघडं असेल तर तो काळा किंवा तपकिरी रंग केसात उतरतो. दोन्ही जनुकं 'बंद'ची आली तर तो केसात उतरतच नाही आणि कुत्रा पिवळा दिसतो, मग पहिल्या जोडीत काही का असेना.

म्हणजे काळ्या कुत्र्याच्या पोटात तपकिरीचं एक आणि 'बंद'चं एक जनुक आयुष्यभर लपून राहू शकतं. राणी तशी आहे, आणि पिल्लं खरोखर त्याच नराची असतील तर तोही तसाच आहे. असे दोघे जमले की १६ वाट्यांपैकी सरासरी ९ काळे, ३ चॉकलेट, ४ पिवळे. तुमची ५, १, २ त्याच्या आसपासच आहेत, पण आकडे जुळले म्हणून हुरळू नका. अशाच जोडीला आठ पिल्लांत एकही पिवळं न होण्याची शक्यताही शंभरात दहा असते. गेल्या वेळचा नर बहुधा दोन्ही बाबतीत पक्का काळा होता. तसा बाप असला की आईने काहीही लपवलेलं असो, सगळी काळीच होतात.

आता नाक. पिवळ्याचं दार केसांपुरतंच बंद असतं, कातडीला ते लागू नाही. म्हणून पिवळ्या लॅबचं नाक आणि डोळ्यांच्या कडा काळ्या असतात. तुमचं तपकिरी नाकवालं पिल्लू म्हणजे आतून चॉकलेट, वरून पिवळं. प्रदर्शनवाल्यांना पिवळ्यावर काळं नाक हवं असतं, पण हा आजार नाही. डोळ्यांच्या कडा पाहा, त्याही तपकिरी असतील.

मला हे सगळं तोंडपाठ कशामुळे, तर माझी मादी चॉकलेट, नर पिवळा, आणि पिल्लं सातही काळीकुट्ट. घरात दोन महिने माझी थट्टा चालली होती. मादी 'उघड्या'ची पक्की, नर काळ्याचा पक्का. दोघांनी एकमेकांचं उणं भरून काढलं, एवढंच.

त्या मालकांना एक सांगा. पिवळ्या लॅबची पहिली नोंद १८९९ ची, बेन ऑफ हाइड नावाच्या कुत्र्याची. त्याचे आईबाप दोघेही काळे होते.

सरळरेघ

काका, पटलं, पण यातून फळीचा प्रश्न सुटत नाही. एका वेताला दोन बापही असू शकतात. रंगावरून बाप सिद्ध होत नाही, काही वेळा फक्त बाद करता येतो: दोन्ही चॉकलेट आईबापांना काळं पिल्लू झालं तर समजायचं. त्यामुळे गालाच्या आतून बोळा फिरवून डीएनए तपासून घ्या, राणीचा, नराचा आणि आठही पिल्लांचा. त्याच नमुन्यातून रंगाची जनुकंही तपासता येतात.

आणि चॉकलेट दिसलं की माणसं त्यावरच उड्या मारतात, म्हणून सांगतो. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय नोंदींवरचा २०१८ चा एक अभ्यास आहे. त्यात चॉकलेट लॅबचं मध्यक आयुष्य (म्हणजे निम्मे कुत्रे त्याआधी गेले, निम्मे त्यानंतर) १०.७ वर्षं आलं, बाकीच्यांचं १२.१. कान आणि कातडीचे त्रासही चॉकलेटमध्ये जास्त. एक शक्यता अशी की हवा तो रंग मिळवायला मोजक्याच कुत्र्यांतून मेटिंग होत गेलं. तेव्हा पिल्लू ठेवताना रंग शेवटी बघा.

ओलंनाक

काका, कडा तपकिरीच निघाल्या! आत्ता टॉर्च घेऊन पाहिल्या.

बेनची गोष्ट मालकांना फोनवर सांगितली. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "माझ्या कुत्र्याचा बोळा घ्या, पण खर्च तुमचा." हो म्हटलं. पुढच्या आठवड्यात नमुने पाठवू.

फळी मात्र आज ठोकून घेतली.