‘खो’ ऐकू आला नाही, कारण गाणे सुरू होते

पार्क चौकातला प्रेक्षक: काल इथे एकाने लिहिले की, गाण्यांशिवाय सामना म्हणजे शेंगाचटणीशिवाय हुरडा. चटणीचा मान राखून सांगतो, रविवारी आमच्या पेठेतल्या खो-खो स्पर्धेत वरातीची गाणी इतक्या मोठ्याने चालू होती की पंचांना ‘खो’ ऐकूच गेला नाही. नियमाने पाठीला स्पर्श आणि मोठ्याने उच्चार, दोन्ही लागतात. त्यामुळे फाउल दिला गेला आणि ती मुलगी स्वतःच्या घशाकडे बोट दाखवून, ‘मी ओरडले हो,’ असे सांगत राहिली.

मंडळाचा कार्यकर्ता: आपण खुर्चीवर बसून लिहिता, त्या खुर्च्या आम्ही मांडतो. गाणी थांबली की चहाला गेलेली पोरे परत येत नाहीत. शिवाय कुस्तीच्या फडात हलगी चालते, मग आमचा स्पीकरच का खुपतो?

जुना आखाडेकरी: हलगीची बरोबरी त्या खोक्याशी केलीत, म्हणून लिहितो. माझे चुलते हलगी वाजवत. जाळावर चामडे शेकून, टिचकीने ताण पाहून ते उभे राहत आणि कुस्ती लागली की त्यांची नजर पैलवानांच्या पायांवरून हलत नसे. पकड बसली की ठेका चढे, कुस्ती रेंगाळली की उतरे. तुमचा पेनड्राइव्ह कोणाच्या पायांकडे पाहतो?

मंडळाचा कार्यकर्ता: चुलत्यांना नमस्कार. पण पैलवानाला इनाम आणि हलगीवाल्याला नुसता नारळ, हेही मी पाहिले आहे. तेव्हा आपण कुठे होता?

जुना आखाडेकरी: टोमणा खरा आहे, चुलत्यांनी त्याच कारणाने हलगी खुंटीला टांगली. म्हणून तुमची वरात मैदानात शोभते असे नाही.

निवृत्त पंच: हलगीवरून उतरा आता. कबड्डीत चढाई करणाऱ्याचा दम सुटला, हे पंचाला कानानेच कळते. एकदा गाण्याच्या गोंगाटात मी ओठांकडे पाहून निर्णय दिला, तो चुकला, आणि वर्षभर त्या गावात मला कोणी चहा विचारला नाही.

कंबर तलावाचा फिरस्ता: कायद्याने रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद असतो, म्हणून आमच्याकडे व्यायामाची विरहगीते ६ वाजून १ मिनिटाने सुरू होतात. आधी तिकडे बघा.

मंडळाचा कार्यकर्ता: बरे, पुढच्या रविवारी डाव चालू असताना गाणी बंद, मध्यंतरात चालू. खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर आपण सर्व विद्वानांनी येऊन त्या भरून काढाव्यात, आणि येताना चटणी आणावी.