अनुभव धागा: संगणक उचलून नेण्याचे दिवस

परवा माळा आवरताना विटेएवढा एक ॲडॉप्टर हाती लागला. ज्या लॅपटॉपचा तो होता तो कधीच भंगारात गेला. पण ॲडॉप्टरचं वजन हाताला जाणवलं आणि वाटलं, आता विचारायलाच हवं. १९८१ ते साधारण १९९५ या काळात ज्यांनी संगणक एका जागेवरून दुसरीकडे वाहून नेला, त्यांनी लिहावं. यंत्र कसं होतं, वीज कुठून मिळवलीत, आणि त्यावर नेमकं काय काम केलंत? मॉडेलची नावं आणि सालं पुस्तकांत सापडतात. ती यंत्रं कुणाच्या खांद्यावरून कुठे गेली, हे सापडत नाही.

सांगली–कोल्हापूर, १९८९चा गळीत हंगाम

पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतर्फे मी साखर कारखान्यांना ऊसबिलाचा प्रोग्रॅम बसवून द्यायचो. आमच्याकडे नारिंगी प्लाझ्मा पडद्याचा एक पोर्टेबल होता, सातेक किलोचा. त्याला बॅटरी नव्हतीच, प्लग मिळाला तर चालणार. गावात वीज नसली तरी कारखान्यात असायची, कारण हंगामात बगॅस, म्हणजे उसाचा उरलेला चोथा, जाळून कारखाना स्वतःची वीज काढतो. स्वारगेटला एसटीत बसलो की मशीन मांडीवर घ्यायचो. वर ठेवलं तर पडायची भीती, पायाशी ठेवलं तर हादरे.

हार्ड डिस्क १० एमबीची. मशीन बंद केल्यावर डिस्कचं हेड, म्हणजे तबकडीवरून माहिती वाचणारा भाग, आपोआप बाजूला जाईलच असं तेव्हा नसायचं. ‘पार्क’ अशी कमांड द्यायची, हेड तबकडीच्या मोकळ्या पट्ट्यावर जाऊन थांबायचं, मग बटण बंद. एका रात्री अकराला काम संपलं, गेस्ट हाऊसला जाणारी जीप खोळंबली होती, आणि मी घाईत पार्क न करता बटण दाबलं. सकाळी मशीन सुरू केलं तर आतून टक्‌ टक्‌ आवाज, आणि पडद्यावर एरर. पंधरवड्याच्या वजनपावत्या त्यात होत्या.

फ्लॉपीवर आठवड्यापूर्वीचा बॅकअप होता. पुण्याहून दुसरं मशीन संध्याकाळी पोचलं आणि उरलेल्या दिवसांच्या पावत्या रात्रभर बसून पुन्हा भरल्या. शेतकी खात्यातले दोन कारकून आळीपाळीने वाचायचे: सभासद क्रमांक, गट नंबर, वजन. मी टाइप करायचो. बिलं ठरल्या दिवशी निघाली. त्या दोघांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही, दर तासाला चहा तेवढा येत राहिला. आजही लॅपटॉप बंद करताना माझा हात क्षणभर थांबतो.

ह्यूस्टन, १९८४

आमच्या इंजिनिअरिंग ऑफिसात कॉम्पॅक पोर्टेबल होता. दिसायला भजनी मंडळाच्या पेटीसारखा. वर मूठ, एक बाजू उघडली की तोच कीबोर्ड, आत ९ इंची हिरवा पडदा. वजन जवळजवळ १३ किलो. तो गाडीत घालून मी रिफायनरीवर जायचो आणि पाइपांची गणितं तिथेच करायचो.

ही कंपनी आमच्या ह्यूस्टनचीच. मशीनचं पहिलं चित्र तिघा संस्थापकांनी ‘पाय’ (pie) हा गोड पदार्थ मिळणाऱ्या एका हॉटेलात टेबलावरच्या कागदावर काढलं, हे शहरात सगळे अभिमानानं सांगायचे. पण खरं मोल आतल्या बायोसचं, म्हणजे मशीन सुरू करून चालवणाऱ्या मूळ प्रोग्रॅमचं. आयबीएमच्या बायोसमधली एकही ओळ न उचलता, तो कसा वागतो एवढंच पाहून नवा लिहिलेला. म्हणून ऑफिसातल्या आयबीएमवरची लोटस या हिशेबाच्या प्रोग्रॅमची फ्लॉपी साइटवर जशीच्या तशी चालायची. पहिल्या वर्षात ५३,००० मशीनं विकली गेली ती याच कारणानं, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेतच, पण त्याआधीचं

कॉम्पॅकच्या आधी ऑसबोर्न-१ होता, त्याची आठवण कुणीतरी काढायला हवी. एप्रिल १९८१, किंमत १,७९५ डॉलर, सोबत लिहिण्यासाठी वर्डस्टार आणि हिशेबासाठी सुपरकॅल्क हे प्रोग्रॅम फुकट. माझ्या प्रबंधाची चार प्रकरणं त्याच्या ५ इंची पडद्यावर लिहिलेली आहेत. एका वेळी ५२च अक्षरं दिसायची, उरलेली ओळ पाहायला पडदा उजवीकडे सरकवायचा. वाक्य मोठं झालं की त्याची सुरुवात दिसेनाशी व्हायची, त्यामुळे मी छोटी वाक्यं लिहायला शिकले. दर परिच्छेदानंतर लिहिलेलं जतन करायला कंट्रोल-के-एस. ड्राइव्हच्या खाली फ्लॉप्या ठेवायला दोन कप्पे होते, त्यातल्या एकात मी आईची पत्रं ठेवायचे.

तो बनवणाऱ्या कंपनीचे संस्थापक ॲडम ऑसबोर्न यांचं बालपण तमिळनाडूत, तिरुवण्णामलैला गेलं. वडील रमण महर्षींचे भक्त. कंपनी १९८३मध्ये दिवाळखोरीत गेली. ते शेवटी भारतात परतले आणि २००३मध्ये कोडाईकनालला वारले. त्यांच्याबद्दल आपल्याकडे इतकं कमी लिहिलं जातं याचं मला वाईट वाटतं.

शेतीशास्त्राचा विद्यार्थी, १९८६

माझा टीआरएस-८० मॉडेल १००, वहीएवढा छोटा संगणक. आठ ओळी, ओळीत ४० अक्षरं, आणि चार पेन्सिल सेलवर वीसेक तास! मक्याच्या शेतात बांधावर बसून मातीच्या नोंदी थेट त्यात. बटण दाबलं की लगेच सुरू, बंद केलं तरी लिहिलेलं तसंच राहायचं. आत एक छोटी बॅटरी असायची, त्यामुळे सेल बदलतानाही काही पुसलं जायचं नाही. बातमीदार त्यातल्या मोडेमने, म्हणजे संगणक फोनला जोडणाऱ्या भागाने, फोनलाइनवरून बातम्या पाठवायचे. मी संध्याकाळी लॅबमध्ये केबल लावून नोंदी मोठ्या मशीनवर घ्यायचो. इतकं भरवशाचं यंत्र मला पुन्हा मिळालं नाही.

छोटीशी भर

आज आपण लॅपटॉपची जशी घडी उघडतो तशी घडी १९८२च्या ग्रिड कंपास या संगणकात आली. बिल मॉग्रिज यांचं डिझाइन, मॅग्नेशियमची पेटी, किंमत ८,१५० डॉलर. सामान्य माणसाला ते परवडणारं नव्हतं, पण नासाच्या स्पेस शटलमधून ते अंतराळात गेलं. मी फक्त संग्रहालयात पाहिलंय, काचेला नाक लावून.

पुणे, दिवाळी अंकाचं काम

माझी अडचण वजनाची नव्हती, लिपीची होती. १९९१च्या सुमारास ऑफिसातल्या संगणकात सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं जिस्ट कार्ड होतं, भारतीय लिप्या दाखवणारं; त्यावर देवनागरी सुरेख उमटायची. पण ते कार्ड आतल्या स्लॉटमध्ये बसवायचं, आणि आमच्या लॅपटॉपला तसा स्लॉटच नव्हता. मग प्रवासात मराठी मजकूर रोमन अक्षरांत लिहायचा आणि ऑफिसात आल्यावर सगळा पुन्हा देवनागरीत टाइप करायचा. लेखकाचा ‘बाळ’ माझ्या फाइलीत ‘baal’ व्हायचा आणि नंतर ‘बाल’ की ‘बाळ’ हे पाहायला पुन्हा हस्तलिखित काढावं लागायचं.

विंडोजवर मराठी फॉन्ट आले तेव्हा ही दुहेरी मेहनत संपली. १९९६च्या सप्टेंबरात डेक्कन क्वीनमध्ये मी पहिल्यांदा लॅपटॉपवर थेट देवनागरीत प्रूफ दुरुस्त केलं. पडदा फिका, कर्सर हलला की मागे सावली राहायची. ‘दऱ्या’मधला ऱ्य कोणत्या कळेवर आहे ते सापडेना. कर्जतपासून शोधत होतो. लोणावळ्याच्या आधी, बोगद्यात डब्यात अंधार झाल्यावर पडद्याच्या उजेडात तो सापडला. शेजारच्या आजी वाकून पाहत होत्या. त्यांनी तो शब्द मोठ्यानं वाचला.