शाखाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण: उणिवांपासून सुरुवात करावी की बलस्थानांपासून?

प्रश्न

नमस्कार. मी एका नागरी सहकारी पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयात प्रशिक्षणाचे काम पाहतो. आमच्याकडे शाखाधिकाऱ्यांची बैठक थकबाकीच्या तक्त्याने सुरू होते आणि लेखापरीक्षणातील दोषांच्या वाचनाने संपते. ज्यांचा आकडा वाईट, त्यांनी उभे राहून खुलासा करायचा, अशी पद्धत पडून गेली आहे. यंदा एका सल्लागारांनी सुचवले की ही चर्चा बंद करून प्रत्येकाच्या बलस्थानांवरच प्रशिक्षण बेतावे. अध्यक्षांना कल्पना फार आवडली आहे, वसुली अधिकाऱ्यांना ती पोरकट वाटते. आपले मत काय?

पहिले उत्तर

पतसंस्थेला दोषांची चर्चा बंद करण्याची मुभाच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधील कलम ८२ प्रमाणे लेखापरीक्षणात निघालेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल द्यावाच लागतो. कर्जप्रकरणात जामीनदाराची सही नसेल, तर कारणही ठाऊक असते आणि उपायही. तिथे कोणाचे बलस्थान शोधत बसायचे? मात्र त्या यादीतून शाखाधिकारी घडतो, असे मानणेही भाबडेपणाचे आहे. उभे राहून खुलासा देणारा माणूस पुढच्या खेपेला कारण शोधत नाही, खुलासा शोधतो.

दुसरे उत्तर

सल्लागारांनी बहुधा अर्धीच गोष्ट सांगितली आहे. या विचाराची मांडणी अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात डेव्हिड कूपररायडर आणि सुरेश श्रीवास्तव यांनी १९८७ मध्ये केली. कौतुक करा, एवढाच तिचा अर्थ नाही. काम उत्तम झाले तेव्हा नेमके काय घडत होते, याचा कसून शोध घ्या, हा तिचा गाभा आहे.

याच्याशी नाते सांगणारे, पण स्वतंत्रपणे घडलेले एक उदाहरण व्हिएतनाममधले आहे. १९९० च्या सुमारास जेरी आणि मोनिक स्टर्निन हे दांपत्य ‘सेव्ह द चिल्ड्रन’तर्फे थान होआ प्रांतात बालकुपोषणावर काम करू लागले. गावातल्या मुलांची वजने घेतल्यावर तितक्याच गरीब घरांतली काही मुले धडधाकट असल्याचे आढळले. त्यांच्या आया भातखाचरांतले बारीक झिंगे, खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या जेवणात घालत होत्या आणि त्यांना दिवसातून अधिक वेळा भरवत होत्या. हा शोध काट्यावरच्या वजनापासून सुरू झाला, म्हणजे समस्येचे मोजमाप कोणी टाळले नव्हते. तुमचा थकबाकीचा तक्ता हाच तो काटा आहे. कर्जदार सारखेच असूनही थकबाकी कमी असलेली एखादी शाखा त्यात दिसते का?

प्रश्नकर्ता

दिसते. आठवडी बाजाराच्या गावातली आमची एक लहान शाखा आहे. तिथल्या शाखाधिकारी बाई रोज संध्याकाळी पिग्मी एजंटांचा भरणा स्वतः तपासतात. रोज शंभर रुपये भरणारा दुकानदार पन्नासवर आला किंवा मधले दिवस सोडू लागला, की कर्जाचा हप्ता थकण्याआधीच त्या त्याच्या दुकानात जाऊन येतात. मुख्य कार्यालयाने याची कधी विचारपूस केली नाही, कारण त्या शाखेकडून खुलासा मागण्याची वेळच आली नाही.

तिसरे उत्तर

तुमचे प्रशिक्षण इथेच आहे. फक्त त्याचे परिपत्रक काढू नका. परिपत्रक निघाले की ‘पिग्मी तपासणी’ नावाचा आणखी एक रकाना तयार होईल आणि तो तारीख टाकून भरला जाईल. त्याऐवजी दोन-तीन शाखाधिकाऱ्यांना त्या शाखेत संध्याकाळच्या हिशेबाच्या वेळी बसवा आणि आपापल्या गावात हे कसे जमेल, ते त्यांनाच ठरवू द्या.

एक सावधगिरी मात्र बाळगा. रॉबर्ट कॅप्लन आणि रॉबर्ट कायझर यांनी २००९ मध्ये बलस्थानांच्या अतिरेकाविषयी लिहिले आहे आणि आपल्या क्षेत्रात त्याचा पडताळा लगेच येतो. ज्याचा लोकसंपर्क दांडगा, तोच शाखाधिकारी ओळखीवर विसंबून तारणाची पाहणी न करता कर्जाची शिफारस करतो. म्हणून दोषदुरुस्तीची बैठक चालूच ठेवा, पण ती लेखापाल आणि संबंधित शाखाधिकारी यांच्यापुरती, कागद समोर ठेवून घ्या. सर्वांसमोर उभे करणे तेवढे थांबवा.