काँक्रीटवरचे गाडीच्या ऑइलचे डाग : आपले अनुभव लिहावेत

काल पावसाची पहिली सर आली आणि गाडी लावण्याच्या जागेवरून वाहणाऱ्या पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला. सध्याची गाडी थोडी ठिबकते, हे त्यावरून कळलेच. पण शेजारचा जुना काळा डाग पाहून, सुट्टीच्या दिवशी गाडीखाली आडवे होऊन काम करणारे वडील फार आठवले. तो डाग त्यांच्या गाडीचा आहे. घरच्यांना तो राहू द्यावासा वाटतो. मला मात्र काढायचा आहे, कारण तिथले पाणी थेट झाडांच्या मुळाशी जाते. ज्यांनी असे डाग काढले असतील, त्यांनी काय उपयोगी पडले ते सविस्तर लिहावे.

•

वडिलांच्या आठवणीने गलबलून आले. डाग काढण्यापूर्वी गळती शोधावी, अन्यथा सगळी मेहनत वाया जाते. रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी थेंब कुठे व कोणत्या रंगाचे पडले आहेत ते पाहावे. तपकिरी किंवा काळा थेंब बहुधा इंजिन ऑइलचा असतो, तर लालसर थेंब गिअरबॉक्स किंवा पॉवर स्टिअरिंगकडे बोट दाखवतो. आमच्या गाडीत ऑइल काढण्याच्या बोल्टचा वॉशर झिजला होता. तो बदलताच ठिबकणे थांबले.

•

ताज्या डागावर पाणी ओतू नये आणि तो घासूही नये, कारण त्याने तेल पसरते. मी लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती जाडसर पसरते, बुटाने रगडते आणि रात्रभर तशीच ठेवते. सकाळी ती झाडून काढल्यावर गरम पाणी, भांडी घासण्याचा द्रव साबण आणि नायलॉनचा ताठ ब्रश एवढे पुरते. तारेचा ब्रश टाळावा; त्याचे तुटलेले कण काँक्रीटमध्ये अडकून गंजतात आणि नवेच डाग पडतात.

•

जुन्या डागाबद्दल लिहितो. काँक्रीट वरून घट्ट दिसले तरी त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात आणि तेल त्यांतून खोल उतरलेले असते. त्यामुळे कितीही घासले तरी केवळ पृष्ठभाग उजळतो आणि काही दिवसांनी आतले तेल पुन्हा वर येते. अशा डागावर मला लेपानेच गुण आला. मुलतानी मातीत खनिज टर्पेंटाइन कालवून घट्ट लेप करावा, बोटभर जाडीचा थर डागाच्या कडेबाहेरपर्यंत लावावा, वर प्लॅस्टिक अंथरून कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि दिवसभरानंतर प्लॅस्टिक काढून लेप वाळू द्यावा. टर्पेंटाइन आतले तेल पातळ करते आणि लेप वाळताना ते वर ओढले जाते. डाग फिका होतो, पण पूर्ण जाईलच असे नाही. गरजेप्रमाणे पुन्हा लेप लावावा. काम उघड्यावर, हातमोजे घालून आणि आगीपासून दूर करावे.

•

कोणीही ॲसिड सुचवण्याआधी कळकळीने सांगते : ॲसिड तेल विरघळवत नाही, सिमेंट मात्र खाते. आमच्याकडे काम करणाऱ्याने ते ओतले आणि डागाच्या जागी खरबरीत, पांढुरका चट्टा उरला. ब्लीचही तेलावर निरुपयोगी आहे आणि ही दोन्ही एकत्र आली तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

•

आमच्याकडे डांबर आहे. तिथेही हा लेप चालेल का?

•

अजिबात नाही. टर्पेंटाइन, पेट्रोल, रॉकेल हे सारे डांबरच विरघळवतात आणि ती जागा मऊ पडून खचते. तिथे भुसा आणि साबण यांवरच थांबावे. पेव्हर ब्लॉक असतील तर काम सर्वांत सोपे : डागाळलेला ब्लॉक उचकटून उलटा बसवावा, अर्थात दोन्ही बाजू सारख्या असतील तरच.

•

थोडे अवांतर : तेल खाणारे जिवाणू खरेच असतात. आनंद चक्रवर्ती यांनी तयार केलेल्या अशाच जिवाणूला पेटंट मिळू शकते, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला होता. जिवाणूंची तयार पावडर मी डागावर वापरली आहे. ती जागा सतत ओलसर ठेवावी लागते आणि आठवडे जातात, पण हळूहळू फरक दिसतो.

•

सर्वांचे मनापासून आभार. बोल्ट तपासून घेतो आणि मग लेप लावतो. वाळलेल्या लेपाचे काय करावे?

•

तो पाण्याने धुऊन काढू नये, नाहीतर तेच तेल झाडांकडे जाईल. खरवडून झाकणाच्या डब्यात भरावा आणि उरलेल्या रंग-टर्पेंटाइनसारख्या घातक कचऱ्यासोबत द्यावा.