मदत हवी आहे: कासवाच्या पिल्लासाठी घरात उघडं टेबल करावं की बंद पेटी?

नमस्कार मंडळी,

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. पहिल्या मजल्यावर घर, बाग नाही. सप्टेंबरपासून आमच्याकडे हरमन जातीचं कासवाचं पिल्लू आहे. स्पेनपासून ग्रीसपर्यंत, भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने सापडणारं हे जमिनीवरचं कासव. जुलैच्या शेवटी अंड्यातून बाहेर आलं. आकाराने कंदी पेढ्याएवढं, वजन आज सकाळी २१ ग्रॅम. लेकीने नाव ठेवलंय दगडू. नर की मादी हे कळायला अजून काही वर्षं जातील, तोवर दगडूच.

त्याच्यासाठी कायमची पेटी बांधायची आहे. शनिवारी प्लाय कापून आणणार आहे आणि नेमकी तिथेच अडले आहे. प्रश्न विचारण्याआधी मागचं थोडं सांगते, कारण माझ्या हातून चूक झाली आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये असं मनापासून वाटतं.

पिल्लू ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी काय काय लागेल ते कागदावर लिहून दिलं होतं. तरीही पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात गेले, तिथल्या माणसाने ‘पूर्ण संच’ म्हणून जे पुढे केलं ते विश्वासाने उचलून आणलं. काचेची टाकी, खाली पसरायला वाळलेल्या गवताच्या गोळ्या, टाकीच्या तळाला लावायची गरम चटई आणि वेटोळ्याचा एक छोटा यूव्हीबी बल्ब (उन्हातले अतिनील किरण देणारा, ते कासवाच्या हाडांना आणि कवचाला लागतात).

पहिले दोन दिवस दगडू काचेला नाक लावून चालत राहिला. काच त्याला कळत नाही, पलीकडची खोली तेवढी दिसते, म्हणून तो जातच राहतो. पुढच्या नख्या काचेवर घासल्याचा बारीक आवाज दिवसभर यायचा. मग कोपऱ्यात बसला तो बसलाच. डोळे मिटलेले, पापण्या सुजलेल्या. एकदाच काहीतरी पांढरं, रव्यासारखं बाहेर टाकलं. १८ ग्रॅमचा १६ झाला. दोन ग्रॅम ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो त्याच्या वजनाचा नववा हिस्सा होता.

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर शोधून त्यांच्याकडे नेलं. अंगातलं पाणी कमी झालंय, रोज कोमट पाण्यात २० मिनिटं बसवा, पाणी हनुवटीच्या वर नको, असं त्यांनी सांगितलं. श्रीखंडाचा रिकामा डबा त्याला अगदी बरोबर बसला. चौथ्या दिवशी पाण्यात ठेवल्यावर त्याने मान लांब केली, तोंड बुडवलं आणि गळ्याखालची कातडी हलायला लागली. पाणी पीत होता. लेक आणि मी, दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

चटईचं काय चुकलं तेही तेव्हाच समजलं. उकडलं की कासव माती उकरून खाली जातं, कारण खाली गारवा असतो हे त्याला उपजतच ठाऊक असतं. आमच्याकडे खाली जावं तर खालीच जास्त गरम. ऊन वरूनच यायला हवं. ती टाकी, चटई, बल्ब सगळं बंद करून ठेवलंय. सध्या दगडू मातीने भरलेल्या एका मोठ्या प्लास्टिकच्या खोक्यात आहे, पण तिथे दिव्यांची नीट सोय होत नाही.

आता मूळ प्रश्न. इथे अनेक जण उघडं टेबल करतात. पुस्तकांचं जुनं कपाट आडवं टाकायचं, आत माती भरायची, वर दिवे टांगायचे. हवा खेळती राहते, एक टोक गरम आणि दुसरं गार ठेवणं सोपं जातं. मोठ्या कासवासाठी मला ते पटतं. पण पिल्लाला ओल लागते. व्हिएन्नाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या वीस्नर आणि इबेन यांनी २००३ मध्ये आफ्रिकेतल्या सुलकाटा कासवांच्या पिल्लांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्या हवेत वाढलेल्यांच्या पाठीवर टेंगळं जास्त आली, दमट हवेत कमी, आणि खाण्यातल्या प्रथिनांचा फरक त्यापुढे किरकोळ ठरला. कवचावरचा एकेक तुकडा छोट्या पिरॅमिडसारखा वर येतो, आणि एकदा आला की तो पुन्हा सपाट होत नाही. जात वेगळी आहे हे मान्य. पण आमच्या घरात हीटर सुरू झाला की ओलावामापक ३५ टक्क्यांवर येतो. उघड्या टेबलावर ६० ते ८० टक्के दमटपणा मी टिकवणार कसा?

म्हणून माझा कल बंद पेटीकडे आहे. १२ मिलिमीटरचा प्लाय, लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ६०. आतून तळ्यासाठी वापरतात ते रबरी कापड, म्हणजे लाकूड कुजणार नाही. समोर सरकत्या काचा, पण खालची १५ सेंटिमीटरची पट्टी लाकडी, म्हणजे काचेशी झगडा नाही. हवेसाठी दोन्ही बाजूंना वर जाळी. माती खत न घातलेली, तिच्यात मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू, सहाला चार या प्रमाणात, १० सेंटिमीटरचा थर. मूठ वळली की गोळा व्हावा आणि बोटाने टोचला की फुटावा, इतपतच ओली. पाणी कोपऱ्यांतून ओतायचं, म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा कोरडा. सतत चिखलात बसलं तर पोटाकडचं कवच कुजतं, ती भीतीही आहेच.

दिव्याखाली पाटीच्या दगडाची सपाट फरशी. ती तापते आणि तिच्यावर नख्याही झिजतात. तिथे ३३ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २२ च्या आसपास. त्या गार टोकाला अर्धी कुंडी आडवी पुरून तिच्यात ओलं शेवाळ, आणि पाण्यासाठी कुंडीखालची मातीची बशी काठापर्यंत जमिनीत बसवलेली. यूव्हीबीसाठी १२ टक्क्यांची टी५ (बारीक नळीची) ट्यूब, तापायच्या दिव्याच्या शेजारी, ट्यूब आणि दगडू यांच्यामध्ये जाळी किंवा काच नाही. खिडकीतलं ऊन कितीही सुरेख आलं तरी काचेतून यूव्हीबी जवळजवळ येत नाही, त्यामुळे खिडकीच्या भरवशावर राहणं नको.

या सगळ्यात दोन गोष्टी सुटत नाहीत. तापायचा दिवा वरची माती काही तासांत कोरडी करतो. तुम्ही फवारा मारता की नुसतं खालून पाणी घालता? दुसरं रात्रीचं. डॉक्टर म्हणाल्या, आजारातून उठलाय, यंदा त्याला थंडीतल्या लांब झोपेत (शीतनिद्रेत) जाऊ देऊ नका आणि रात्री २० अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. आमची खोली १७ पर्यंत उतरते. सिरॅमिकचा बिनउजेडाचा हीटर थर्मोस्टॅटवर लावणार आहे, पण तोही हवा सुकवेल का?

खाण्याचं मात्र छान जमलंय. डँडेलियन इथे फुटपाथच्या कडेलाही उगवतं, पण मी कुत्री फिरतात ती जागा सोडून आणते. पानं पाहून आपल्या शेतातली पाथरी आठवते. प्लँटेन नावाचं तण तर इसबगोलाच्या सख्ख्या कुळातलं निघालं. मॅलो जास्वंदीच्या कुळातलं. फळं अजिबात नाहीत. कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा कोपऱ्यात ठेवलाय. आजीच्या औषधाच्या डब्यात असायचं तेच समुद्रफेन. इथे पक्ष्यांच्या पिंजऱ्यासाठी म्हणून मिळतं.

सांगलीच्या आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दगडूचे फोटो टाकल्यापासून दोन जणांनी विचारलं, आम्हालाही असं एक घेता येईल का. तिथे लोक घेतात ते बहुतेक वेळा चांदण्यांसारख्या पट्ट्यांचं स्टार कासव असतं, घरात लक्ष्मी येते म्हणून. ते वन्यजीव संरक्षण कायद्यात आहे, २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूची १ मध्ये. ते विकत घेणं आणि घरी ठेवणं गुन्हा आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे तुमच्याकडे येणारं प्रत्येक पिल्लू कुठल्या तरी माळरानावरून उचललेलं असू शकतं. कृपा करून घेऊ नका. कुठे विक्री दिसली तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. हरमनची खरेदी-विक्रीही इथे आर्टिकल १० चं प्रमाणपत्र (संरक्षित प्राण्यांच्या व्यापारासाठीचा सरकारी परवाना) असल्याशिवाय करता येत नाही. दगडूचं आहे.

आणखी एक. जानेवारीत भाचीचं लग्न आहे, २० दिवस सांगलीला जावं लागेल. ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं ते ठेवून घ्यायला तयार आहेत, पण त्यांच्याकडे मोठी कासवं आहेत आणि डॉक्टरांनी दुसऱ्या कासवांत मिसळू नका असं बजावलंय, आजार लागतात म्हणून. शेजारच्या आजी रोज येऊन पाण्यात बसवीन म्हणताहेत. त्यांचे हात थोडे थरथरतात. कुणी असं पिल्लू घरीच ठेवून भारतात जाऊन आलं आहे का?

भर, बुधवार रात्री:

इतक्या लवकर इतकी उत्तरं येतील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. बंद पेटीच करायची, हे ठरलं. उघड्या टेबलाच्या बाजूने ज्यांनी लिहिलं त्यांचा हवेचा मुद्दा पटला, म्हणून बाजूच्या जाळ्या आधी ठरवल्या होत्या त्याच्या दुप्पट करतेय. उन्हाळ्यात त्याला बाहेर न्यायलाच हवं, यावर तर दोन्ही बाजू एक आहेत. मैत्रिणीच्या बागेत वरून जाळी लावलेला छोटा वाफा करायचा असं तिच्याशी बोलून ठेवलंय.

फवाऱ्यापेक्षा खालून पाणी, हे तिघांनी सांगितलं, तसंच करेन. शेवाळाची कुंडी नुसती गार टोकाला नको, एक गरम बाजूलाही ठेवा, म्हणजे ऊब आणि ओल यांतलं एक निवडावं लागणार नाही, हा सल्ला फार मोलाचा वाटला. मला सुचलंच नसतं.

लग्नाचंही जमतंय. शेजारच्या आजी पुढचे चार रविवार माझ्यासमोर त्याला पाण्यात बसवणार आहेत. डबा टेबलावर नाही, जमिनीवर जाड टॉवेल घालून त्यावर ठेवायचा. दिव्यांना टायमर.

राहता राहिली उंची. पेटी ६० सेंटिमीटर उंच धरली तर माती सोडून ५० उरतात, ट्यूब पाठीपासून ४० वर येते. ४५ धरली तर ओल चांगली राहील असं एकांनी लिहिलंय, पण मग तापायचा दिवा फार जवळ येतो आणि पाठ भाजायची भीती वाटते. अतिनील निर्देशांक मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, महाग आहे. ज्यांनी १२ टक्क्यांच्या ट्यूबखाली ते लावून पाहिलंय त्यांनी पिल्लाच्या पाठीच्या उंचीला किती आकडा येतो तेवढं सांगाल का? मला ३ ते ४ हवाय. प्लाय शनिवारी सकाळी १० वाजता कापायला देतेय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.