प्रति: आजीची भूक नातवात?
दुष्काळ सोसलेल्या आजीची भूक नातवाच्या जनुकांत उतरते, असं मूळ पोस्टमध्ये लिहिलंय. जरा दमानं घ्या. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या काळात गर्भधारणा झालेल्यांच्या आयजीएफ-२ या वाढीशी संबंधित जनुकावरचं मिथिलीकरण, म्हणजे जनुकाचं काम कमी-जास्त करणाऱ्या रासायनिक खुणा, सहा दशकांनंतरही कमी आढळलं (खुणा बदलल्या तरी डीएनएची अक्षरं तीच, बरं का). पण ही माणसं स्वतःच त्या उपासमारीत गर्भात होती. नातवंडांपर्यंत काही पोचतं, याचा माणसांतला पुरावा तोकडाच आहे.

मला खटकतं ते वेगळंच. अशा दाव्यांतून सगळं खापर आईवर! आमच्या कोल्हापूर भागात बीडकडून ऊसतोडीला आलेल्या बायका पोटुशी असतानाही मोळ्या उचलतात. त्यांना 'जनुकं जपा, नीट खा' कुठल्या तोंडानं सांगायचं? त्यापेक्षा कारखान्यांना पगारी बाळंतरजेचं विचारा की.